परीक्षा आणि मोह

२०१७ सालच्या ३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या पूर्वतयारीचा काळ ज्या रविवारी सुरू झाला त्या दिवशी, फ्रान्समधील कॅथलिक चर्चमधून म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतील एक ओळ बदलली. ही प्रार्थना येशूने स्वतः शिष्यांना शिकविलेली. ख्रिस्ती घरांतील मुलांना ती अक्षरओळखीच्या आधी पाठ होते. तिच्या अखेरीस मोहासंबंधी एक मागणे आहे. सुमारे अर्धशतक फ्रेंच भाविक ते अशा शब्दांत मागत होते की, देवच माणसाला मोहाच्या हवाली करतो की काय, अशी शंका ऐकणाऱ्यास यावी. नव्या पाठात, देवाने आम्हांला मोहात शिरू देऊ नये, असा सौम्य आशय आला. त्याच आठवड्यात पोप फ्रान्सिस यांनी इटालियन दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत या बदलाचे समर्थन केले. मुलाला मोहात लोटून तो कसा पडतो हे पाहत बसणे हे बापाचे काम नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इटलीने २०२० साली आपल्या नव्या उपासनाग्रंथात तसाच बदल केला. जर्मन बिशपांनी मात्र जानेवारी २०१८ मध्ये जुनाच पाठ ठेवण्याचे ठरविले.

भाषांतराचा वाद म्हणून ही गोष्ट विसरून जाण्याजोगी आहे. परंतु तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो भाषेचा नाही. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही होतो. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतराने ‘परीक्षा’ हा शब्द स्वीकारला आहे. बोलताना मात्र आपण सहज ‘मोह’ म्हणतो. मराठीत हे दोन शब्द एकमेकांपासून बरेच दूर राहतात. परीक्षेला माणूस बसतो, मोहाला बळी पडतो. परीक्षा टाळणारा विद्यार्थी आपण भित्रा समजतो, मोह टाळणारा गृहस्थ शहाणा समजतो. ख्रिस्ती परंपरेचे म्हणणे असे की, या दोन घटना नाहीतच. एकच घटना आहे आणि तिला दोन बाजू आहेत. म्हणूनच याकोबाचे पत्र, देव कोणालाही मोहात पाडीत नाही, ज्याची त्याची वासनाच त्याला ओढून नेते, असे बजावते. आणि त्याच नव्या करारातील शुभवर्तमाने मात्र, येशूला अरण्यात मोहाला सामोरे जाण्यासाठी नेले ते पवित्र आत्म्यानेच, असेही निःसंकोच सांगतात. चाळीस दिवसांचा उपास, दगडांच्या भाकरी करण्याची सूचना, मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचे आव्हान, जगातील साऱ्या राज्यांचे आमिष हा प्रसंग कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी वाचला जातो. साधनेच्या दारातच तो ठेवलेला आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. धर्मशास्त्राच्या वाटेला जाण्याचा त्याला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच की, मोह हा विषय आता आमच्याही शास्त्रात आला आहे. फार काळ तो नव्हता. माणसाच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात आणि निवडीस जितके पर्याय अधिक तितके बरे, कारण नको असलेला पर्याय सोडून देता येतो, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात रॉबर्ट स्ट्रॉट्झ या अर्थशास्त्रज्ञाने, आज केलेला बेत उद्या माणूस स्वतःच कसा मोडतो, हे गणिताने मांडले. १९८१ साली थेलर आणि शेफ्रिन यांनी प्रत्येक माणसात एक आखणी करणारा आणि एक उधळणारा असे दोघे नांदतात, अशी कल्पना केली. २००१ साली गुल आणि पेसेनडॉर्फर यांनी आणखी पुढे जाऊन दाखविले की, मोह जिंकला तरी तो फुकट जिंकला जात नाही; मन आवरण्यालाच किंमत पडते. म्हणून मधुमेह झालेला शहाणा माणूस मिठाईच्या दुकानापुढून न जाता लांबच्या रस्त्याने घरी येतो. आपली भिशी किंवा पगारातून परस्पर कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधी ही त्याच शहाणपणाची रूपे. पैसा हाताशी नसावा, म्हणजे तो उडविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हे सर्व खरे आहे आणि संसारी माणसाच्या फार उपयोगाचे आहे. परंतु यात मोहाला स्वतःचे असे काही कार्य उरत नाही. यंत्रातील घर्षणाप्रमाणे तो केवळ एक खर्च आहे. तेल घालून जेवढा कमी करता येईल तेवढा करावा. ख्रिस्ती साधकांनीही आरंभ अगदी याच हिशेबाने केला होता, ही गोष्ट मला विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते.

तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अँथनी नावाचा एक सुखवस्तू शेतकरी तरुण होता. त्याचे चरित्र अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने लिहिले आहे. आईबाप वारले तेव्हा त्याचे वय अठरा-वीस. पदरी एक धाकटी बहीण आणि तीनशे ‘अरूरा’, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे एकरांच्या आसपास, उत्तम जमीन. चर्चमध्ये शुभवर्तमानाचे वाचन ऐकून त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, इतर चीजवस्तू विकून पैसा गोरगरिबांना वाटला, बहिणीची व्यवस्था लावली आणि तो तपाला लागला. मोहाची दुकानेच त्याने बंद केली. आणि मग काय झाले? चित्रकारांनी शतकानुशतके रंगविलेल्या अँथनीच्या मोहात सुंदर स्त्रिया आणि अक्राळविक्राळ राक्षस असतात. चरित्रात सर्वांत आधी येते ती मात्र दिलेल्या जमिनीची आठवण. मग बहिणीची काळजी, मग आप्तांचा लळा, मग पैसा, कीर्ती, ताटातील पदार्थ, आणि हा मार्ग फार कठीण व देह फार दुबळा आहे हा विचार. स्त्रीरूप त्यानंतर येते. जमीन गेली होती, पण सातबारा मनात तसाच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अँथनीच्या मागोमाग हजारो लोक त्या वाळवंटात गेले. त्यांच्यातील सर्वांत सूक्ष्म बुद्धीचा निरीक्षक म्हणजे पाँटस प्रांताचा इव्हॅग्रियस. हा मोठा विद्वान, कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधील उमदा अधिकारी; एका प्रतिष्ठिताच्या पत्नीवर त्याचे मन जडले आणि अनर्थ ओढवण्यापूर्वी तो राजधानी सोडून निघाला. जेरुसलेममार्गे तो इजिप्तला पोहोचला आणि आयुष्याची अखेरची सुमारे सोळा वर्षे वाळवंटात काढून ३९९ साली वारला. मोहाच्या आठ मूळ विचारांची यादी त्याने केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने तिची फेररचना केली आणि तीतूनच पाश्चात्त्यांची सुप्रसिद्ध सात महापापे निघाली. आपल्या षड्रिपूंची आठवण येथे कोणालाही होईल. परंतु इव्हॅग्रियस त्यांना रिपू म्हणत नाही, पापही म्हणत नाही; तो त्यांना ‘विचार’ म्हणतो. विचार यावा की न यावा हे आपल्या हाती नाही, तो मुक्कामाला राहावा की नाही हे आपल्या हाती आहे, हे त्याच्या शिकवणीचे सार.

लोभाविषयी तो जे लिहितो ते वाचून कोणताही अर्थशास्त्राचा शिक्षक चपापेल. झोपडीत राहणाऱ्या या माणसांना लोभ सोन्याची स्वप्ने दाखवीत नाही. तो दाखवितो लांबलचक म्हातारपण, थकलेले हात, येऊ घातलेला दुष्काळ, आजार आणि पोटासाठी दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज. आमच्या पाठ्यपुस्तकात बचतीची जी कारणे दिलेली असतात तीच ही! विमा एजंटही हीच यादी वाचतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. इव्हॅग्रियसला कळले होते ते असे की, माणसाला बांधून ठेवणारा लोभ बहुधा चैनीच्या रूपाने येत नाही, दूरदृष्टीच्या रूपाने येतो.

आणि कंटाळा! त्याला तो भर दुपारचा दुरात्मा म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास तो साधकाला गाठतो आणि दोन वाजेपर्यंत सोडीत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटू लागते. साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो, कोणी बंधू गप्पा मारावयास येतो आहे काय हे न्याहाळतो. मग या जागेचा वीट येतो, हातातील कामाचा वीट येतो. येथे कोणाला कोणाविषयी जिव्हाळा उरलेला नाही, दुसरीकडे काम सोपे आहे आणि चीजही होते, हे पटू लागते. घरची माणसे आठवतात, आणि उरलेले आयुष्य किती लांब आहे हे डोळ्यांपुढे उभे राहते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन ज्याला परके वाटेल असा लिपिक किंवा शिक्षक मला तरी अद्याप भेटलेला नाही. आपण याला बदलीचा अर्ज म्हणतो, एवढाच फरक.

वाळवंटात पर्याय जवळजवळ शून्यावर आणले होते, तरी मोह शून्यावर आला नाही. यातून त्या लोकांनी काढलेला निष्कर्ष, मला वाटते, ख्रिस्ती अध्यात्मातील फार मोलाचा आहे. मोह बाहेरच्या वस्तूविषयी फार थोडे सांगतो, आतल्या माणसाविषयी फार सांगतो. म्हणून इव्हॅग्रियसचा सल्ला असा की, विचारांवर नजर ठेवावी. कोणता केव्हा येतो, किती जोराने येतो, कोणाच्या मागून कोण येतो, याची नोंद घ्यावी आणि त्याचा उलगडा ख्रिस्ताजवळ मागावा. प्रयोगशाळेतील वहीसारखी ही शिस्त आहे. स्वतःची ओळख अन्य मार्गाने होत नाही, कारण मोह नसताना प्रत्येक जण स्वतःला चांगलाच दिसतो.

येथे आपल्या पुराणकथांशी एक फरक सांगावासा वाटतो. इंद्र अप्सरा धाडतो तो ऋषीच्या तपाला भिऊन. आणि मोह जिंकला तर ऋषीचे संचित खर्ची पडते. तप हे तेथे भांडवल आहे. वाळवंटातील साधकांना संचिताचीच धास्ती वाटे. बाकीचे विचार हरले की त्या विजयावरच कीर्तीची हाव वाढते, असे इव्हॅग्रियस सांगतो: रोगी आपल्या स्पर्शाने बरे होत आहेत, लोक दारी जमले आहेत, आपल्याला बळेच धर्मगुरू करण्यासाठी नेत आहेत, असे साधकाला दिसू लागते. बुटका योहान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपस्व्याची कथा याच जातीची. सर्व विकार जावेत अशी त्याने प्रार्थना केली आणि ते गेले. आता मला कसलीही लढाई उरली नाही, असे त्याने एका वृद्धाला सांगितले. वृद्धाने अभिनंदन केले नाही. परत जा आणि ती लढाई पुन्हा माग, जीव पुढे सरकतो तो तिच्यामुळेच, असे त्याने सुनावले. योहानाने लढाई मागितली. पुढे मात्र ती टळावी अशी प्रार्थना न करता तीत टिकण्याचे बळ तो मागू लागला. सारा नावाच्या तपस्विनीविषयीही हेच सांगतात. तेरा वर्षे कामविकाराशी झुंजत असताना, हे संपू दे, असे तिने एकदाही म्हटले नाही.

पुढच्या धर्मपंडितांनी या अनुभवाला व्यवहारी रूप दिले. सूचना, तिच्यात वाटणारी गोडी आणि संमती असे मोहाचे तीन टप्पे ऑगस्टीन व ग्रेगरी यांनी केले. दोष पुरा होतो तो तिसऱ्या टप्प्यावर. मनात वाईट विचार आला म्हणजे आपण वाईट झालो, या धसक्याने खंगणाऱ्या कितीतरी सज्जनांना या बारीक भेदाने तारले असेल. प्रॉटेस्टंट परंपरा येथे वेगळी नाही. प्रार्थना, चिंतन आणि मोहाची झुंज या तिन्हींनी मिळून धर्मशास्त्रज्ञ घडतो, असे मार्टिन ल्यूथरने १५३९ साली लिहिले. त्यातले तिसरे त्याने वगळले नाही.

परंतु या साऱ्यात अधिक खोल पाणी दाखविले ते इग्नेशियस लोयोला याने. हा बास्क सरदार १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या असे ध्यानात आले की, शौर्याची आणि एका थोर स्त्रीच्या सेवेची दिवास्वप्ने रंगविताना गोड वाटते, पण नंतर मन कोरडे पडते. संतांच्या वाटेने जाण्याची स्वप्ने मात्र नंतरही प्रसन्नता मागे ठेवतात. विचाराची पारख त्याच्या मागे राहणाऱ्या चवीवरून करावयाची, ही त्याची पहिली शिकवण. दुसरी त्याला वर्गात मिळाली. तिशी उलटल्यावर तो बार्सिलोनात मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकावयास बसला. क्रियापदांची रूपे घोकू लागले की त्याच्या मनात उच्च आध्यात्मिक विचारांची गर्दी होई आणि पाठांतर बाजूला राही. असे विचार प्रार्थनेच्या वेळीसुद्धा येत नसत! तेव्हा हा मोह आहे हे त्याने ओळखले, गुरुजींना गाठून सर्व सांगितले आणि एकही पाठ न चुकविण्याचे वचन दिले. चांगल्या माणसाला मोह वाईटाच्या रूपाने पडत नाही. तो चांगल्याच्या रूपाने पडतो. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत, आणि मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, असे त्याने आपल्या साधनापुस्तकात घालून दिले. (ज्या ‘ख्रिस्तपुराणा’चा मराठीला सार्थ अभिमान आहे, त्याचे कर्ते फादर स्टीफन्स हे इग्नेशियसने स्थापन केलेल्या संघाचेच.)

हे मी पुस्तकात वाचले होते, शिकविण्याच्या ओघात एकदोनदा बोललोही होतो. त्याचा अर्थ कळला तो एका एप्रिल महिन्यात. विद्यापीठाच्या परीक्षेचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले होते. एका संध्याकाळी ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांच्याजवळ एका विद्यार्थिनीचा आसनक्रमांक होता. तो त्यांना कसा कळला, गठ्ठा माझ्याकडे आहे हे कसे कळले, ते मी विचारले नाही. वडील नुकतेच वारलेले, मुलगी उत्तीर्ण झाली तर नोकरीचे दार उघडणार, नाहीतर शिक्षण थांबणार. पैशाचा शब्दही त्यांनी काढला नाही. काढला असता तर मी त्यांना दारातूनच परत पाठविले असते, आणि आजवर लाच न घेतल्याच्या अभिमानाने त्या रात्री स्वस्थ झोपलो असतो. उत्तरपत्रिका काढून पाहिली. चार गुण कमी पडत होते. अर्थशास्त्राच्या निबंधवजा उत्तरांत चार गुण इकडचे तिकडे होऊ शकतात, हे कोणीही परीक्षक मान्य करील.

ती उत्तरपत्रिका दोन दिवस टेबलावर वेगळी पडून होती. दया हा दुर्गुण नव्हे, नियम माणसासाठी असतात, हे सारे मी स्वतःला ऐकविले, आणि ते खोटेही नव्हते. दुसऱ्या रात्री मात्र एक गोष्ट ध्यानात आली. या विचाराच्या शेवटी दर वेळी एकच चित्र येई: ते गृहस्थ पुन्हा आले आहेत, डोळ्यांत पाणी आहे, आणि मी संकोचाने, असू द्या, असू द्या, म्हणत आहे. मुलगी त्या चित्रात कोठेच नव्हती. त्याच गठ्ठ्यात दोन-तीन गुणांनी हुकलेले आणखी पाच-सहा जण होते. त्यांच्या घरची हकिगत सांगावयास कोणी आले नव्हते, एवढेच. मी गुण वाढविले नाहीत. पण सद्गुणाचा विजय म्हणून ही हकिगत सांगता येणार नाही, कारण अखेरच्या क्षणी हात थांबला त्यात, फेरतपासणीत नेमकी हीच उत्तरपत्रिका निघाली तर, ही भीती बरीचशी होती. वीस वर्षे मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो. कोणी काही मागितलेच नव्हते.

या उपदेशाचा एक गैरवापर फार सोपा आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. मोहाने माणूस घडतो ना, मग लोकांना मोहात टाकण्यास हरकत काय, असे म्हणणारे निघतात. गड्याची पारख करण्यासाठी पैसे उघड्यावर ठेवणारे मालक आपण पाहिले आहेत. तुटपुंज्या पगारावर माणसाला रोकड मोजावयास बसवून त्याच्या चारित्र्याची अपेक्षा करणाऱ्या संस्थाही पाहिल्या आहेत. आता तर खिशातील फोनवर जुगार आणि उधारी चोवीस तास हजर असते आणि माणसाचे बोट नेमके केव्हा घसरेल याचा अभ्यास करण्यासाठी हुशार पदवीधर नेमलेले असतात. ख्रिस्ती शिकवण येथे नि:संदिग्ध आहे. दुसऱ्याला अडखळण्यास कारण होणाऱ्याविषयी येशूने वापरलेली भाषा, गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडविण्याची, शुभवर्तमानांतील सर्वांत कठोर भाषांपैकी आहे. वाळवंटातील वृद्धाने योहानाला लढाई माग म्हटले ते त्याच्या स्वतःसाठी; शेजाऱ्याच्या झोपडीत सोने ठेवून ये असे म्हटले नाही. समाजाची घडी बसविताना स्ट्रॉट्झ आणि थेलर यांचेच ऐकावे: मोहाची दुकाने कमी असावीत, परीक्षकाच्या हाती आसनक्रमांक उघडा पडू नये, पगार वेळेवर व्हावा. इव्हॅग्रियस वाचावयाचा तो फक्त आरशापुढे बसून.

आणि स्वतःसाठीसुद्धा मोह शोधीत जाण्याची परवानगी ही परंपरा देत नाही. मोहावाचून वाढ नाही असे म्हणणारी हीच माणसे, त्यात पडू देऊ नकोस, असे रोज मागत राहिली. यात विसंगती आहे असे तर्काने म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. ज्याला आपल्या बळाचा अंदाज एकदा आला आहे तो परीक्षा सोपी यावी अशीच इच्छा करील. अँथनीच्या चरित्रात एक प्रसंग आहे. थडग्यात राहून तप करताना दुरात्म्यांनी त्याला मरणप्राय मारहाण केली. शेवटी छतातून प्रकाश आला तेव्हा, तू इतका वेळ कोठे होतास, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की, मी येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो. पोप फ्रान्सिस यांच्या बापापेक्षा हा बाप थोडा वेगळा आहे. फ्रेंच बिशपांनी जी ओळ बदलली आणि जर्मनांनी जी राखली, तिच्यात हे दोघेही उभे आहेत.

दुसऱ्या वर्षी गठ्ठे पुन्हा घरी आले. पहिला सोडताना मी आसनक्रमांकाचे पान घडी घालून झाकून घेतले, आणि पत्नीला सांगितले की, कोणी भेटावयास आले तर मी घरी नाही म्हणून सांग. ती म्हणाली, ते खोटे बोलणे होईल.